गॅरेजचं दार आणि हिवाळा : वाचकांचे प्रश्न

थंडी पडली की गॅरेजच्या दाराबद्दलची पत्रं वाढतात, आणि बहुतेकांना एकच जाणून घ्यायचं असतं : थंडी अडवायला दाराला आतून लावायचा फोम कोणता घेऊ? या वेळी तो प्रश्न मुद्दाम मागे ठेवला आहे. आधी फटी, मग दाराचा तोल, मग फोम असा क्रम धरला तर पैसे वाया जात नाहीत आणि चांगलं चाललेलं दार बिघडतही नाही. पत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल तिथे दार आडव्या पॅनेलांचं, दोन बाजूंच्या रुळांतून वर सरकत छताखाली आडवं होणारं आहे असं धरलं आहे.

प्रश्न : आमचं गॅरेज घराला लागून आहे, पण ते आम्ही तापवत नाही. आत फक्त गाडी आणि थोडं सामान असतं. दाराला इन्सुलेशन केलं तर घर तापवण्याचा खर्च खरंच उतरेल का?

उतरेल, पण थोडासा. तुमच्या घराची ऊब अडवण्याचं काम गॅरेजचं दार करत नाही. ते काम घर आणि गॅरेज यांच्यामधली भिंत आणि त्या भिंतीतलं दार करतं. समजा बाहेर उणे १० अंश सेल्सिअस आहे, घरात २० आहे आणि गॅरेजमध्ये शून्य. मोठं दार सुधारल्यामुळे गॅरेज ४ अंशांवर आलं, तर मधल्या भिंतीच्या दोन बाजूंमधला फरक २० वरून १६ वर येतो, म्हणजे तिथून जाणारी उष्णता एक पंचमांशाने घटते. ही घट त्या एका भिंतीपुरतीच. छत, खिडक्या आणि बाकीच्या तीन भिंतींना त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून आधी मधल्या दाराकडे वळा. चौकटीला तिन्ही बाजूंनी दाबली जाणारी गास्केट, खाली उंबऱ्याला टेकणारी पट्टी आणि दार आपोआप मिटवणारी स्प्रिंगची बिजागरी, एवढं झालं की निम्मं काम झालं. मग भिंतीतून गॅरेजमध्ये शिरणारे पाइप आणि वायरी पाहा. त्यांच्याभोवतीची भोकं आगरोधक सीलंटने बुजवा, कारण ही भिंत आगीलाही अडवण्यासाठी बांधलेली असते.

तीन परिस्थितींत मात्र मोठ्या दारावर आधी खर्च करणं योग्य ठरतं : गॅरेजमधून पाण्याचे पाइप गेले असतील, तुम्ही तिथे तासन्‌तास काम करत असाल, किंवा गॅरेज हीटर लावून तापवत असाल.

प्रश्न : दार बंद असलं तरी आत वारा जाणवतो. फट नेमकी कुठे आहे हे कसं शोधायचं?

दिवसा आत उभे राहा, दार आणि दिवे बंद करा, आणि पाच मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. जिथून उजेड येतो तिथून वारा येतोच. बहुतेक दारांत खालचे दोन कोपरे आणि वरच्या आडव्या कडेची दोन टोकं आधी उजळतात.

उजेड दिसत नाही तिथे कागदाची पट्टी वापरा. दार बंद करताना रबराखाली कागद धरा. दार टेकल्यावर तो ओढताना अडला पाहिजे. अलगद निघून आला तर तिथे रबर टेकतच नाही. दर दोन फुटांवर हे करा आणि जमिनीवर खडूने खुणा करा, कारण रबर निवडताना या खुणा लागतील. उदबत्तीच्या धुराने पॅनेलांमधले सांधेही तपासता येतात, पण पेट्रोलचा डबा किंवा रंगाचं थिनर आधी बाहेर काढून.

बारीक फट म्हणून दुर्लक्ष करू नका. १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच दाराचा घेर ४६ फूट, म्हणजे सुमारे १४ मीटर. चहूबाजूंनी फक्त ३ मिलिमीटरची फट असली तरी तिचं क्षेत्रफळ होतं ४२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दारात २० बाय २१ सेंटिमीटरचा झरोका कायमचा उघडा. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला सुमारे ०.३४ वॅट-तास लागतात. तेव्हा २० अंशांचा फरक असताना ताशी १०० घनमीटर थंड हवा आत आली, तर तिच्यापायी ६८० वॅटचा हीटर सतत चालू ठेवावा लागेल.

प्रश्न : खालचं रबर कडक होऊन चिरलं आहे. दुकानात टी, बीड असे प्रकार सांगतात. कोणतं घ्यायचं आणि घरी बसवता येईल का?

येईल. दोन माणसं लागतात. प्रकार तुम्ही निवडायचा नसतो, तो दाराच्या तळाशी बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठरवते. जुन्या रबराचा दोन इंचांचा तुकडा कापा आणि त्याचं टोक पाहा. उलट्या टी-सारखी कड असेल तर टी, गोल गाठ असेल तर बीड. टी-कडेतही दोन मापं सर्रास मिळतात, पाव इंच आणि पाच सोळांश इंच, आणि फसगत इथेच होते. मोठं माप खाचेत शिरत नाही, लहान शिरतं पण सहा महिन्यांत निसटून लोंबायला लागतं. तुकडा सोबत घेऊनच दुकानात जा. लाकडी दाराला बहुधा अशी पट्टी नसते. तिथे रबर थेट खिळ्यांनी मारलेलं असतं, आणि ते बदलण्याआधी तळाचं लाकूड कुजलं नाही ना हे टोचून पाहावं.

रुंदी रबर सपाट करून मोजतात, दुमडलेल्या स्थितीत नाही. जमीन सपाट असेल तर ३ ते ४ इंची पुरतं. खडूच्या खुणांवर अर्ध्या इंचाहून मोठी फट दिसली असेल तर ५ किंवा ६ इंची घ्या. पदार्थाबद्दल आमचं मत ठाम आहे : पीव्हीसी नको, ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) घ्या. पीव्हीसी शून्याखाली लाकडासारखं ताठ होतं आणि जमिनीच्या उंचसखलपणाला बसतच नाही. ईपीडीएम उणे ४० अंशांच्या आसपासही लवचिक राहतं.

बसवताना ओपनरचा, म्हणजे दार उघड-बंद करणाऱ्या मोटरचा, प्लग काढा, दार कमरेइतकं वर घ्या आणि दोन्ही रुळांवर खालच्या चाकाच्या लगेच खाली लॉकिंग पक्कड आवळा, म्हणजे दार घसरणार नाही. अ‍ॅल्युमिनियम पट्टीची टोकं चेपलेली असतील तर ती पक्कडीने उघडा आणि जुनं रबर एका बाजूने ओढून काढा. खाच तारेच्या ब्रशने घासा. जुन्या मिठाचा पांढरा थर तिथे साठलेला असतो आणि नवं रबर अडकतं ते त्याच्यामुळे. नव्या रबराच्या कडांना साबणाचं पाणी लावा. एकाने खाचेत भरवायचं, दुसऱ्याने समोरून ओढायचं. तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं.

दोन्ही टोकांना दोन-दोन इंच जास्त सोडून कापा. ताणून बसवलेलं रबर पहिल्या थंडीत आखडतं आणि नेमके कोपरे उघडे पडतात. शेवटी पट्टीची टोकं पुन्हा हलकेच चेपा, नाहीतर दार वर-खाली होताना रबर हळूहळू एका बाजूला सरकत जातं.

प्रश्न : जमीनच एका बाजूला खचली आहे. मधे रबर टेकतं, डाव्या कोपऱ्यात इंचभर फट राहते. जमिनीला चिकटवायची उंबरठा-पट्टी लावू का?

आधी रुंद रबर वापरून पाहा. इंचभर फट ६ इंची रबराने बहुधा भरून निघते. ओपनरला ‘आणखी खाली दाब’ असं शिकवून फट मिटवायचा प्रयत्न करू नका. दार जिथे आधीच टेकलं आहे तिथे दाब वाढतो, पॅनेल वाकतं, आणि डाव्या कोपऱ्यात काहीच बदलत नाही. फट जमिनीमुळे नसून दारच तिरकं बसतंय अशी शंका असेल तर दाराच्या खालच्या कडेवर लेव्हल ठेवा. दार तिरकं असेल तर दार उचलणाऱ्या दोन बाजूंच्या तारांचा ताण सारखा नाही. ते काम कारागिराचं.

जमिनीवरची पट्टी पाऊस आणि वाऱ्याबरोबर आत उडणारं पाणी उत्तम अडवते, पण ती आतलं पाणीही तितक्याच निष्ठेने अडवते. गॅरेजची जमीन दाराकडे उतरती ठेवतात ती गाडीवरचा बर्फ वितळून बाहेर जावा म्हणून. पट्टी लावली की ते पाणी आतच तळं करून बसतं आणि रात्री गोठतं. बर्फाने माखलेली गाडी रोज आत येत असेल आणि आत जाळीचा निचरा नसेल, तर आम्ही ही पट्टी सुचवणार नाही.

लावायचीच असेल तर थंडी सुरू होण्याआधी, १० अंशांच्या वर आणि कोरड्या जमिनीवर लावा. जमिनीवरचं तेल डिटर्जंटने धुवा आणि पूर्ण दिवस वाळू द्या. दार बंद करून आतून त्याच्या कडेची रेघ मारा आणि पट्टीचा उंचवटा त्या रेघेच्या लगेच आत येईल अशी जुळणी आधी कोरडीच करून पाहा. पॉलियुरेथेन चिकटद्रव्य नागमोडी ओळीत लावा, पट्टी दाबा, दार तिच्यावर मिटा आणि २४ तास उघडू नका. त्यानंतर ओपनरची ‘बंद’ मर्यादा नव्याने ठरवावी लागते, कारण दार आता आधीपेक्षा वर टेकतं. हे राहून गेलं तर दार टेकून परत वर जातं आणि दोष पट्टीला दिला जातो.

प्रश्न : बाजूंच्या आणि वरच्या पट्ट्या नव्या लावल्या, तरी वरच्या कोपऱ्यांतून वारा येतोच.

मग दोष पट्टीत नाही, दारच चौकटीपासून दूर उभं आहे. उभे रूळ वर जाताना चौकटीपासून थोडे लांब होत जातात आणि बिजागऱ्याही त्या हिशेबाने बसवलेल्या असतात. दार बंद होताना शेवटच्या काही इंचांत चौकटीला टेकावं आणि वर उठताच सुटावं, अशी ती रचना आहे. रूळ सैल पडले किंवा कोणी बिजागऱ्या अदलाबदल करून लावल्या की वरचं पॅनेल टेकतच नाही. बिजागऱ्यांवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. ते खालून वर चढत गेले पाहिजेत.

दार बंद ठेवून रुळाच्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल करा, पूर्ण काढू नका. रूळ चौकटीकडे ढकला आणि दार व लाकडी चौकट यांच्यात सुमारे पाव इंच जागा ठेवून पुन्हा आवळा. तळाच्या पॅनेलच्या कोपऱ्यातलं ब्रॅकेट, ज्याला लोखंडी तार जोडलेली असते, त्याला हात लावायचा नाही. त्यावर स्प्रिंगचा पूर्ण ताण असतो. अगदी वरच्या चाकाचं ब्रॅकेट बहुतेक दारांत मागे-पुढे सरकतं. वरची फट बहुधा तेवढ्यानेच मिटते.

पट्टीची पाकळी दाराला किंचित वाकून टेकावी, पूर्ण मुडपलेली नको. फार घट्ट लावली तर घर्षण वाढतं आणि थंड सकाळी ओपनरला काहीतरी मधे आल्याचा भास होऊन तो दार परत फिरवतो.

प्रश्न : फटी सगळ्या बुजवल्या. गॅरेज तापवतो, दार एकेरी पत्र्याचं आहे. आता फोम लावला तर किती फरक पडेल? आणि जाडी किती घ्यावी?

आता विचारायला हरकत नाही. १६ बाय ७ फुटांचं दार १०.४ चौरस मीटर भरतं. नुसत्या पत्र्यातून दर चौरस मीटरला दर अंशामागे सुमारे ५.९ वॅट जातात. आत १० आणि बाहेर उणे १० असताना हिशेब होतो साधारण १,२०० वॅट. पत्रा स्वतः जवळजवळ काहीच अडवत नाही. जो थोडा विरोध आहे तो दोन्ही बाजूंना चिकटून राहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा.

दीड इंच थर्मोकोल लावला, म्हणजे फूट-इंचांच्या मापात आर-मूल्य (उष्णता अडवण्याचं माप, जितकं मोठं तितकं चांगलं) ६ च्या आसपास मिळालं, तर झाकलेल्या भागातली गळती जवळजवळ सातपटीने कमी होते. पण दार पूर्ण झाकलं जात नाही. पॅनेलांच्या कडा, उभ्या पट्ट्या, बिजागऱ्यांच्या जागा मिळून १५ टक्के भाग उघडा राहिला असं धरलं, तर एकूण गळती ३३० वॅटच्या आसपास राहते, आणि त्यातली निम्म्याहून अधिक त्या १५ टक्क्यांतून. आता जाडी दुप्पट केली, आर १२ मिळवला, तर ३३० चे २६० होतात. पहिल्या दीड इंचाने सुमारे ९०० वॅट वाचवले, दुसऱ्याने ७०. म्हणून महागड्या जाडीपेक्षा कडा काळजीपूर्वक भरणं जास्त लाभाचं.

दर इंचामागे थर्मोकोलचं आर-मूल्य साधारण ४ च्या किंचित खाली, ग्लासवूलचं ३ च्या थोडं वर, एक्सपीएस फोमचं (थर्मोकोलच्याच पदार्थाचा दाट फोम) ५ आणि पॉलियुरेथेनचं ६ च्या वर असतं. मेट्रिक आकडा छापलेला असेल तर त्याला ५.६८ ने गुणून तुलना करा.

बोर्ड कापताना प्रत्येक पॅनेल वेगळं मोजा. सगळी सारखी दिसली तरी वरचं आणि खालचं बहुधा वेगळं असतं. उंची ३ ते ५ मिलिमीटर जास्त ठेवा, म्हणजे बोर्ड किंचित वाकवून पॅनेलच्या वळलेल्या ओठांमागे सरकवलं की घट्ट बसतं. लांब तुकडा आत जात नसेल तर मधे अर्धवट खाच मारून घडी घालून बसवा. बोर्डची जाडी पॅनेलच्या खोलीपेक्षा जास्त नको. दार रुळाच्या वळणावर आतल्या बाजूला दुमडतं, आणि बाहेर आलेली बोर्डं तिथे एकमेकांवर आपटून चुरडतात. पॅनेलांमधल्या सांध्यावरून बोर्ड किंवा टेप कधीही नेऊ नका.

उघडा थर्मोकोल किंवा फोम आग झपाट्याने पसरवतो. त्यामुळे दारासाठी बनवलेली, आगरोधक आवरण चढवलेली आणि तसं प्रमाणपत्र असलेलीच बोर्डं घ्या. डब्यातला फवाऱ्याचा फोम दारावर मारणं तर टाळाच. तो सांध्यांत शिरून दार जाम करतो, फुगताना पत्रा वाकवतो आणि पुन्हा निघत नाही.

प्रश्न : इन्सुलेशन लावल्यापासून ओपनर कण्हतो. वजन इतकं वाढतं का?

वाढतं. १६ बाय ७ फुटांच्या दाराला दीड इंच थर्मोकोल लावला तर ६ ते ८ किलो. दार पेलण्याचं काम ओपनरचं नसतं, स्प्रिंगचं असतं. स्प्रिंग दाराच्या मूळ वजनाला मोजून बसवलेली असते आणि वरचा भार सगळा ओपनरवर येतो. काही जण दिसायला नीटनेटकं म्हणून अर्धा इंची प्लायवुड आतून ठोकतात. एवढ्या मोठ्या दाराला त्याने ७०-८० किलो वाढतात. असं दार ओपनरचे दातेही खातं आणि कधी सुटलं तर माणसावरही पडतं.

तपासणी सोपी आहे. दार पूर्ण बंद असतानाच ओपनरची सोडवणारी दोरी ओढा. उघड्या दाराची दोरी ओढू नका, कारण स्प्रिंग तुटलेली असेल तर दार कोसळेल. मग हाताने दार तीन-चार फुटांवर नेऊन अलगद सोडा. ते तिथेच थांबलं, किंवा चार बोटं इकडे-तिकडे झालं, तर तोल ठीक आहे. धाडकन खाली जायला लागलं तर स्प्रिंगला पीळ वाढवायला हवा, आणि तो कारागिराकडूनच. दाराच्या वर आडव्या दांड्यावर बसवलेल्या पिळाच्या स्प्रिंगमध्ये हात मोडण्याइतका जोर साठलेला असतो. स्क्रू ड्रायव्हर घालून ती फिरवू पाहणं हा या सगळ्या कामातला सर्वांत मोठा धोका आहे. दोन्ही बाजूंना ताणली जाणारी लांब स्प्रिंग असेल तर तिच्या आतून सुरक्षा-तार ओवलेली आहे का तेवढं पाहा. नसेल तर ती आधी घालून घ्या.

प्रश्न : चंदेरी बुडबुड्यांचा कागद हलका आणि स्वस्त आहे. पुड्यावर आर-मूल्य भरपूर लिहिलं आहे. चालेल?

तो आकडा बंद हवेच्या पोकळीसह मोजलेला असतो. पत्र्याला थेट चिकटवला तर त्या कागदाचा स्वतःचा उष्णतारोध आर १ च्या आसपास. पत्रा आणि कागद यांच्यात पाऊण ते एक इंच पोकळी ठेवून कडा टेपने बंद करता आल्या तरच चार पैसे वसूल होतात. जिथे स्प्रिंगला जराही वजन सोसणार नाही तिथे ठीक, एरवी थर्मोकोल.

प्रश्न : फोम लावल्यावर महिन्याभरात त्याच्यामागून पाण्याचे ओघळ येऊ लागले. बाहेरून तर पाणी येत नाही.

पाणी आतलंच आहे. आधी पत्रा आतल्या हवेने थोडा तरी ऊबदार राहायचा. आता फोमने ती ऊब अडवली आणि पत्रा बाहेरच्या इतका थंड झाला. फोमच्या कडेतून दमट हवा मागे शिरली की तिथे दहिवर धरतं, रात्री त्याचा बर्फ होतो आणि दुपारी ओघळ. हे चालू राहिलं तर पत्रा आतून गंजतो.

बोर्डाची कड आणि पॅनेलचा ओठ यांच्यातली रेघ फॉइल टेपने बंद करा. टेप लावण्याआधी पत्रा स्पिरिटने पुसून कोरडा करा, थंड आणि ओल्या पत्र्यावर टेप धरत नाही. आवरणाची बाजू आतल्या, म्हणजे ऊबदार बाजूला हवी. बऱ्याच ठिकाणी ती उलटी लावलेली आढळते. त्याचबरोबर ओल कमी करा. गाडीवरचा बर्फ शक्य तितका बाहेरच झाडा, जमिनीवरचं पाणी रबरी पुसणीने बाहेर लोटा. कपडे वाळवायचा ड्रायर गॅरेजमध्येच हवा सोडत असेल तर बाकी सगळे उपाय व्यर्थ आहेत. त्याची नळी बाहेर न्या.

प्रश्न : सकाळी दार जमिनीला गोठून चिकटतं. बटण दोन-चार वेळा दाबलं की सुटतं. असं करणं बरोबर आहे का?

नाही. एक दिवस रबर फाटून जमिनीवर राहील, नाहीतर ओपनरमधलं नायलॉनचं दातेरी चाक झिजून मोटर नुसतीच फिरत राहील. एकदा दाबून दार हललं नाही की थांबा, दोरी ओढून ओपनर सोडवा, आणि प्लॅस्टिकच्या उलथन्याने रबराच्या रेषेतला बर्फ फोडत जा. केस वाळवायचा ड्रायर चालतो, फक्त साचलेल्या पाण्यात वायर नको. उकळतं पाणी ओतणं सर्वांत सोपं वाटतं, पण ते दोन मिनिटांत थंड होऊन तिथेच गोठतं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट बर्फ मिळतो. मीठही नको. ते अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि पॅनेलची खालची कड खातं, काँक्रीटचे पापुद्रे काढतं.

मूळ कारण उंबरठ्याशी साचणारं पाणी. संध्याकाळी शेवटची गाडी आत आल्यावर ती रेघ कोरडी करा आणि महिन्यातून एकदा रबरावर सिलिकॉनचा फवारा मारून फडक्याने पुसून घ्या. पाणी नेहमी एकाच खड्ड्यात साचत असेल तर उन्हाळ्यात तो काँक्रीट दुरुस्तीच्या मसाल्याने भरून घ्या.

प्रश्न : दार आता चांगलं बंद बसतं. सकाळी गाडी आत पाच मिनिटं गरम करायची सवय आहे. दार थोडं उघडं ठेवलं तर चालेल ना?

चालणार नाही. दार पूर्ण उघडं असलं तरीही नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि ऊबदार घर गॅरेजमधली हवा मधल्या भिंतीच्या फटींतून आत ओढतं. गाडी सुरू करायची आणि लगेच बाहेर काढायची, गरम करायची तर बाहेर. घरात, झोपायच्या खोल्यांजवळ, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. गॅरेजमध्ये गॅसचा बॉयलर किंवा पाणी तापवायची टाकी असेल तर फटी बुजवण्याआधी तिला ज्वलनासाठी हवा कुठून मिळते ते तंत्रज्ञाकडून पाहून घ्या. त्यासाठी ठेवलेली जाळी थंडी येते म्हणून बंद करणं जिवावर बेतू शकतं. धुराडं नसलेला केरोसीन किंवा गॅसचा हीटर बंद गॅरेजमध्ये नको. तो विषारी वायू तर सोडतोच, वर भरपूर वाफही सोडतो, आणि आधीच्या एका उत्तरातलं दहिवर परत येतं.

प्रश्न : दारात वर चार काचा आहेत. त्या काढून टाकू का?

गरज नाही. चारही काचांचं क्षेत्र मिळून दाराचा छोटा भाग असतो. चौकटीभोवती सीलंटची बारीक रेघ मारा आणि आतून पारदर्शक फिल्म किंवा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा लावून मधे अर्धा इंच हवा कोंडा. उजेड राहील, दिवा कमी लागेल.

प्रश्न : जुनं दार काढून नवंच घ्यायचं ठरवलं आहे. आर-१८ लिहिलेलं घेतलं म्हणजे झालं ना?

तो आकडा बहुधा पॅनेलच्या मध्यभागी मोजलेला असतो. सांधे, कडा, रबर धरून बसवलेल्या अख्ख्या दाराचा उष्णतारोध त्याहून बराच कमी भरतो, म्हणून विक्रेत्याकडे संपूर्ण दाराचं मोजलेलं यू-मूल्य, म्हणजे दारातून उष्णता किती निसटते त्याचा आकडा, मागा. ते जितकं लहान तितकं चांगलं. ते देता येत नसेल तर नमुन्याचा आडवा छेद पाहा. बाहेरचा आणि आतला पत्रा कडेला एकमेकांना टेकत असतील तर थंडी त्या वाटेने सरळ आत येते; मधे त्यांना वेगळं ठेवणारी प्लॅस्टिक किंवा रबराची पट्टी हवी. फोम दोन पत्र्यांमध्ये ओतून भरलेला असेल तर पॅनेल ताठ राहतं. नुसता कापून सरकवलेला असेल तर कडेला पोकळी राहते. पॅनेलांच्या सांध्यात रबराची ओळ आहे का तेही बोट फिरवून पाहा. आणि नव्या दाराबरोबर नवी स्प्रिंग आलीच पाहिजे. जुन्या स्प्रिंगवर नवं जड दार टांगून देणारा कारागीर दुसऱ्यांदा बोलावू नका.

गुंडाळलं जाणारं शटर घेत असाल तर अपेक्षा कमी ठेवा. पट्ट्या बारीक असल्याने फोमला जागाच नसते आणि प्रत्येक पट्टीगणिक एक सांधा येतो. बाजूच्या खाचांत ब्रशची पट्टी आणि वरच्या गुंडाळीभोवती बंद पेटी असेल तर गळती आवाक्यात राहते.

प्रश्न : कडक थंडीत दार अर्ध्यावर थांबतं आणि परत वर जातं. दुपारी तेच दार व्यवस्थित चालतं.

जुनं ग्रीस घट्ट झालं आहे. रूळ कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि त्यांना काहीही लावू नका, रुळातलं ग्रीस धूळ धरून चाकांना अडवतं. बिजागऱ्यांच्या खिळी, चाकांचे बेअरिंग आणि स्प्रिंगची वेटोळी यांना सिलिकॉन किंवा पांढरं लिथियम ग्रीस फवारा, पातळ, आणि ओघळ पुसून टाका. ओपनरच्या डोळ्यांवर, म्हणजे जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवलेल्या दोन सेन्सरवर, दहिवर धरलं असेल तर तेही पुसा. त्यांच्यामुळे दार हुबेहूब असंच वागतं.

एवढं करूनही थांबत असेल तरच ओपनरचा जोर एक टप्पा वाढवा, आणि वाढवल्यावर लगेच दाराखाली दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवून दार बंद करून पाहा. फळीला टेकताच ते परत फिरलं पाहिजे. फिरलं नाही तर जोर पुन्हा कमी करा आणि तोल तपासायला कारागिराला बोलवा.